साठीनंतर, एकटीनं: नाणेघाट

नाणेघाटाची वाट मुरबाडवरून जाते आणि मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी धरायची आणि वैशाखऱ्याला उतरायचं. राज्यात १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, ओळखपत्र जवळ हवं.

कल्याण-सोपारा बंदरांतला माल नाणेघाटानंच जुन्नरकडे चढे. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे: तिनं केलेले यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, नाणी, सगळं आकड्यांनिशी. एका बाईचा दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब डोळ्यांनी पाहावाच. बाहेर जकातीचा दगडी रांजण.

चढ दगडी, दोन-तीन तासांचा, पावसाळ्यात निसरडा. गुडघे कुरकुरत असतील, तर नाणेघाटाऐवजी लोकलनं आसनगावला उतरून रिक्षानं माहुली किल्ल्याचा पायथा गाठावा. नाणेघाटाला गेलात, तर परतीच्या एसटीची वेळ वैशाखऱ्याला उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी.