टाकी किती भरली? २००५ सालची तीन उत्तरं

टाकीत किती माल आहे, हा कारखान्यातला सर्वांत साधा वाटणारा प्रश्न. २००५ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये तीन ठिकाणी त्याचं उत्तर चुकलं. तिन्ही जागी पडद्यावर आकडा दिसत होता आणि तो चुकलाच तर सावध करायला दुसरं उपकरणही होतं. तरी एक मनोरा, एक टाकी आणि एक जलाशय ओसंडले. तिन्हीकडची उपकरणं निरनिराळ्या जातीची होती. म्हणूनच ही प्रकरणं एकत्र वाचली की लेव्हल सेन्सरचा स्वभाव कळतो. तो मोजतो वजन, दाब, वेळ किंवा वीज, आणि त्यावरून पातळीचा हिशेब मांडतो. हिशेबातलं एखादं गृहीत बदललं की आकडा चुकतो, पण दिसतो मात्र पूर्वीइतकाच ठाम.

टेक्सास सिटी, २३ मार्च

बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ५२ मीटर उंचीचा ऊर्ध्वपातन मनोरा दुरुस्तीनंतर सुरू केला जात होता. त्याच्या तळाशी डिस्प्लेसर जातीचा ट्रान्समीटर होता. विहिरीतला भरलेला पोहरा पाण्याखाली असेतो हलका लागतो. डिस्प्लेसरचं तत्त्व तेच. द्रवात बुडालेल्या दांड्याचं वजन जितकं कमी, तितकी पातळी वर. पण दांडा पूर्ण बुडाला की त्याला पुढचं काहीच सांगता येत नाही. या उपकरणाची नजर तळाच्या जेमतेम तीन मीटरपुरती होती, आणि त्याचं कॅलिब्रेशनही वेगळ्याच घनतेच्या द्रवासाठी केलेलं होतं.

मनोऱ्यात द्रव तासन्‌तास आत येत राहिला, बाहेर जात नव्हता. तो तापून विरळ झाला, दांड्यावरची उचल घटली आणि पडद्यावर पातळी उतरताना दिसू लागली. खरी पातळी ४८ मीटरवर पोचली तेव्हा आकडा अडीच मीटरच्याही खाली होता. उच्च पातळीचा स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. पातळी डोळ्यांनी पाहायची काच (साइट ग्लास) इतकी मळलेली होती की आत काही दिसत नव्हतं. शेवटी मनोरा ओसंडला आणि स्फोट झाला. त्यात १५ माणसं मेली, सुमारे १८० जखमी झाली.

बन्सफील्ड, ११ डिसेंबर

लंडनच्या उत्तरेकडच्या या तेलडेपोत ९१२ क्रमांकाच्या टाकीवर सर्वो गेज होता. बारीक तारेला टांगलेलं वजन द्रवाच्या पृष्ठाला टेकतं आणि मोटर तार गुंडाळत किंवा सोडत त्याच्या मागे जाते. अचूकता मिलिमीटरची. पहाटे तीनच्या सुमारास टाकी दोन-तृतीयांश भरलेली असताना हा गेज अडकला. ३१ ऑगस्टपासून तो १४ वेळा असाच अडकलेला होता. पाइपलाइनमधून पेट्रोल येतच होतं, पडद्यावरची रेघ मात्र सरळ.

शेवटचा आधार होता उच्च पातळीचा स्वतंत्र स्विच. त्याला तपासणीसाठी एक तरफ होती आणि ती कामाच्या जागी राहावी म्हणून कुलूप लावायचं होतं. कुलूप लावलेलं नव्हतं, त्यामुळे स्विच निकामी होता. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल बाहेर सांडलं आणि सकाळी ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. रविवार होता. ४३ जण जखमी झाले, पण जीव कुणाचा गेला नाही.

टॉम सॉक, १४ डिसेंबर

तीनच दिवसांनी मिसुरी राज्यात डोंगरमाथ्यावरचा जलाशय फुटला. रात्री पाणी वर चढवायचं, दिवसा ते सोडून वीज करायची, अशी ती योजना. इथे पातळी दाबावरून मोजली जात होती. सेन्सरच्या डोक्यावर १० मीटर पाणी असेल तर दाब साधारण एक बार. दाबाचे सेन्सर ज्या नळ्यांत होते त्या नळ्यांची बांधणी सुटली आणि सेन्सर मूळ जागेवरून वर सरकले. वरचं पाणी कमी, म्हणून दाब कमी, म्हणून आकडाही कमी. पंप थांबवण्यासाठी लावलेले राखीव प्रोब भिंतीच्या सर्वांत सखल कडेपेक्षा उंच बसवले होते. पाणी तिथवर पोचण्याआधीच भिंतीवरून वाहू लागलं. चारशे कोटी लिटरांहून अधिक पाणी डोंगर उतरून गेलं. खालच्या उद्यानाच्या अधीक्षकाचं घर वाहून गेलं; कुटुंबातले पाचही जण वाचले.

बाकीची जात

मग स्पर्श न करणारी उपकरणं जास्त भरवशाची का? त्यांचीही आपापली गृहीतं असतात. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वेळ मोजतो. २० अंशांना हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. तापमान १० अंशांनी बदललं आणि दुरुस्ती केली नाही, तर पाच मीटर अंतरात सुमारे नऊ सेंटिमीटरची चूक होते. रडारला तापमानाचा असा त्रास नाही. पण त्याला पृष्ठभागावरून परावर्तन हवं, आणि पाण्याच्या मानाने पेट्रोल ते फारच क्षीण देतं. जाड फेस, मिक्सरची पाती यांनीही ते बिघडतं. मालाला स्पर्श करणाऱ्यांपैकी कपॅसिटन्स प्रोबला द्रवाचा विद्युतगुण ठाऊक असावा लागतो. त्याच्यावर चिकट माल बसला तर रिकामी टाकीही भरलेली दिसू शकते. ट्यूनिंग फोर्क हा तर निव्वळ स्विच: मालाने त्याचं कंपन बदलतं, बस. जिथे उष्णता किंवा दाबामुळे आत काही टिकत नाही, तिथे भांड्याच्या बाहेरून गॅमा किरण सोडतात. त्यासाठी बहुधा सीझियम-१३७ वापरतात, त्याचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षांचा. त्या क्षयाची दुरुस्ती हिशेबात धरावीच लागते. भारतात असं उपकरण बसवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

एकावर विसंबू नये

बॉयलरवाल्यांना हे फार पूर्वीच उमगलं होतं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन स्वतंत्र काचा आणि त्या ठरल्या वेळी फुंकून साफ करायच्या, ही वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची रीत. आजच्या आयईसी ६१५११ सारख्या मानकांतही गाभा तोच आहे: नियंत्रणाचं उपकरण वेगळं, सुरक्षिततेचं वेगळं, आणि दुसरं खरंच चालतं की नाही याची ठरावीक काळाने तपासणी. दोन्ही एकाच तत्त्वाची असतील तर एकच कारण दोघांनाही फसवू शकतं. डिस्प्लेसरच्या जोडीला रडार, दाबाच्या जोडीला फोर्क, अशी निवड म्हणूनच शहाणपणाची.

खरेदीच्या वेळी चर्चा किमतीची आणि अचूकतेची होते. २००५च्या तिन्ही घटनांत मिलिमीटरच्या अचूकतेने काही वाचवलं नसतं. चाललेला अलार्म, एक कुलूप किंवा योग्य उंचीवर बसवलेला प्रोब यांनी मात्र मोठा फरक पडला असता. तुमच्या कारखान्यात टाक्या असतील तर इन्स्ट्रुमेंट विभागाला दोनच प्रश्न विचारा: हा सेन्सर नेमकं काय मोजतो, आणि उच्च पातळीचा स्विच शेवटचा कधी प्रत्यक्ष चालवून पाहिला? दुसऱ्याचं उत्तर तारखेसह मिळालं नाही, तर तो स्विच नाहीच असं समजून चाला.