१७६३ ची राजघोषणा आणि अमेरिकन स्वातंत्र्याचा प्रश्न

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणपरंपरा सांगताना मुद्रांक कायदा, चहावरील कर आणि प्रतिनिधित्वावाचून करआकारणी अन्याय्य होय हे तत्त्व यांचा निर्देश सामान्यतः प्रथम केला जातो. हा निर्देश अयथार्थ नाही. तथापि तो अपुरा आहे. ज्या करांवरून वाद माजला ते कर ब्रिटिश पार्लमेंटला का बसवावेसे वाटले, हा प्रश्न विचारला म्हणजे अभ्यासकाची दृष्टी बोस्टनच्या बंदरावरून ॲपलेशियन पर्वताच्या पलीकडील अरण्यभूमीकडे वळते. कराचा प्रश्न आणि भूमीचा प्रश्न हे एकाच धोरणाचे दोन भाग होते, हे ध्यानी घेतल्यास स्वातंत्र्यलढ्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते आणि त्या स्वातंत्र्याची मर्यादाही दृष्टीस पडते.

इंग्रजांच्या वसाहतींचा पाया आरंभापासूनच जमिनीवर उभा होता. १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउनची स्थापना झाली. तेथे तंबाखूचे पीक किफायतशीर ठरताच जमिनीची भूक अनावर झाली, कारण तंबाखू जमिनीचा कस लवकर शोषून घेतो. स्वखर्चाने येणाऱ्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन देण्याच्या पद्धतीमुळे वस्ती नद्यांच्या काठाने आत आत सरकू लागली. १६२२ मध्ये पौहाटन लोकांनी या वसाहतीवर निकराचा हल्ला केला. १६७५-७६ मध्ये न्यू इंग्लंडात मेटाकॉमच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांनी युद्ध पुकारले. १६७६ मध्येच व्हर्जिनियात नॅथॅनिएल बेकनच्या अनुयायांनी, मूळ रहिवाशांविरुद्ध गव्हर्नर पुरेशी कठोर कारवाई करीत नाही या सबबीखाली बंड करून जेम्सटाउन जाळले. सीमेवर शांतता राखू पाहणारे सरकार आणि सीमा पुढे ढकलू पाहणारा वसाहतवाला यांच्यातील हा विरोध पुढे शंभर वर्षांनी मोठ्या प्रमाणावर प्रकट व्हावयाचा होता.

दरम्यान वसाहतींची लोकसंख्या झपाट्याने वाढली. १७०० च्या सुमारास ती अडीच लाख होती. १७७० मध्ये ती २१ लाखांच्या आसपास पोचली. यांपैकी सुमारे एकपंचमांश लोक आफ्रिकी वंशाचे असून त्यांतील बहुतेक सर्व गुलामगिरीत होते. ओहायो नदीच्या खोऱ्यावर फ्रेंच आणि इंग्रज या दोघांचाही डोळा होता. १७५४ मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टनच्या तुकडीची फ्रेंचांशी याच प्रदेशात चकमक झाली आणि तीतून भडकलेला वणवा पुढे सप्तवार्षिक युद्धाच्या रूपाने तीन खंडांत पसरला. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने फ्रेंच सत्ता उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून नाहीशी झाली. ब्रिटनला अफाट प्रदेश मिळाला. परंतु त्याबरोबरच राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या आसपास गेले.

या तहाचा सर्वांत मोठा आघात मूळ रहिवाशांवर झाला. फ्रेंच व इंग्रज या दोन सत्तांमध्ये समतोल साधून त्यांनी आपले स्वत्व टिकविले होते. तो समतोलच आता ढासळला. ज्या भूमीचे आपण स्वामी आहोत, ती भूमी फ्रेंचांनी इंग्रजांना कशी देऊन टाकली, हे त्यांना उमगेना. त्यातच ब्रिटिश सेनापती ॲमहर्स्ट याने त्यांना भेटी देण्याची जुनी प्रथा बंद केली आणि बंदुकीच्या दारूचा पुरवठा आखडला. इंग्रजांच्या दृष्टीने ही काटकसर होती. जमातींच्या दृष्टीने तो मैत्रीचा भंग होता. डेलावेअर जमातीतील नेओलिन या धर्मोपदेशकाच्या शिकवणीने प्रेरित होऊन आणि ओडावा सरदार पॉन्टिॲक याच्या पुढाकाराने १७६३ च्या उन्हाळ्यात अनेक जमाती उठल्या. त्यांनी आठ ब्रिटिश किल्ले जिंकले. पेनसिल्व्हेनियात सीमेवरील गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने त्या वर्षाच्या डिसेंबरात कोनेस्टोगा येथील २० निरपराध, शांतताप्रिय मूळ रहिवाशांची हत्या केली.

अशा परिस्थितीत ७ ऑक्टोबर १७६३ रोजी तिसऱ्या जॉर्जची राजघोषणा प्रसिद्ध झाली. अटलांटिक महासागरास मिळणाऱ्या नद्यांच्या उगमापलीकडील प्रदेश तूर्त मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवण्यात आला. तेथे वस्ती करण्यास व खाजगीरीत्या जमीन विकत घेण्यास मनाई झाली. जमीन घ्यावयाचीच तर ती राजसत्तेच्या वतीने, जमातीची जाहीर सभा भरवून घ्यावी, असा दंडक घालण्यात आला. मात्र याच घोषणेने युद्धात लढलेल्या सैनिकांस जमिनी देण्याचेही आश्वासन दिले होते. एका हाताने रोखावयाचे आणि दुसऱ्या हाताने आमिष दाखवावयाचे, असा हा प्रकार होता. जमिनीच्या व्यवहारात पैसा गुंतविणाऱ्या व्हर्जिनियातील धनिकांनी ही सीमारेषा मनोमन मानलीच नाही. ही तात्पुरती सोय असून ती लवकरच मोडीत निघेल, असे वॉशिंग्टनने १७६७ मध्ये आपल्या भूमापकास कळविले होते.

सीमा राखावयाची तर सैन्य हवे आणि सैन्य ठेवावयाचे तर पैसा हवा. अमेरिकेत सुमारे १० हजार सैनिक ठेवण्याचे ठरले. त्यांच्या खर्चाचा काही भार वसाहतींनी उचलावा, या हेतूने १७६४ चा साखर कायदा व १७६५ चा मुद्रांक कायदा संमत झाला. वसाहतींच्या रक्षणासाठी हे उत्पन्न हवे, असे या कायद्यांच्या प्रस्तावनेतच नमूद होते. वसाहतवाल्यांस मात्र हे रक्षण कोणापासून, असा प्रश्न पडला. फ्रेंच गेले होते आणि उरलेले सैन्य तर आपल्यालाच पश्चिमेकडे जाण्यापासून अडवीत होते. पुढे १७६८ मध्ये याच अमेरिकी सैन्याच्या तुकड्या बोस्टनमध्ये उतरल्या, तेव्हा हा संशय दृढ झाला. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने ओहायोच्या उत्तरेकडील प्रदेश क्वेबेक प्रांतास जोडला आणि व्हर्जिनियाच्या उरल्यासुरल्या आशाही मावळल्या. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावर ठेवलेल्या आरोपांमध्ये नव्या जमिनी मिळविण्याच्या अटी कडक केल्याचा आणि सीमेवरील मूळ रहिवाशांस चिथावल्याचा आरोप आहे, तो याच संदर्भात वाचला पाहिजे.

अर्थात् सर्व क्रांती जमिनीच्या लोभातून उद्भवली, असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. लढ्याची ठिणगी जेथे पडली त्या मॅसॅच्युसेट्समध्ये ओहायोच्या जमिनीपेक्षा व्यापार आणि स्थानिक विधिमंडळाचे हक्क हे प्रश्न अधिक जिव्हाळ्याचे होते. बर्नार्ड बेलिन यांनी १९६७ मध्ये राजकीय विचारांचे महत्त्व सिद्ध केले, तर वुडी होल्टन यांनी १९९९ मध्ये व्हर्जिनियातील जमीनदारांवर मूळ रहिवासी, गुलाम व लहान शेतकरी यांचा पडलेला दाब दाखवून दिला. ही दोन्ही विवेचने परस्परपूरक मानणेच योग्य होय. करांविरुद्धच्या तत्त्वाने तेरा वसाहतींस एक भाषा दिली. भूमीच्या प्रश्नाने त्यांतील कित्येकांस लढण्याचे कारण दिले.

१७८३ च्या तहाने मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश नव्या राष्ट्रास मिळाला. त्या तहात मूळ रहिवाशांचा उल्लेखही नव्हता. वीस वर्षांत दुसऱ्यांदा त्यांची भूमी त्यांच्या अपरोक्ष हस्तांतरित झाली. त्यांनी १७९१ मध्ये सेनापती सेंट क्लेअरच्या फौजेचा दारुण पराभव केला. परंतु १७९४ च्या पराजयानंतर १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने ओहायोचा बहुतांश प्रदेश त्यांच्या हातून गेला. विशेष म्हणजे राजाची सीमारेषा धुडकावणाऱ्या राष्ट्राने राजाचे तत्त्व मात्र स्वीकारले. मूळ रहिवाशांची जमीन खाजगी व्यक्तीने नव्हे तर केंद्रसत्तेच्या तहानेच घेता येईल, असा कायदा अमेरिकन काँग्रेसने १७९० मध्ये केला. कॅनडात तर १७६३ च्या राजघोषणेतून मिळालेल्या हक्कांस १९८२ च्या संविधानात संरक्षण मिळाले आहे.

सारांश, ॲपलेशियन पर्वतापलीकडे कोणाची आज्ञा चालावी, लंडनची की वसाहतींची, या प्रश्नाचा निकाल अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने लावला. ती भूमी कोणाची, हा त्याहून जुना प्रश्न त्याने सोडविला नाही. तो केवळ एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे सोपविला.