काजूच्या टरफलातून उष्णतारोधक पॉलिमर

काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावूनच कामाला बसतात. टरफलातलं काळपट तेल लागलं की कातडी सोलवटते. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे 'एनसीएल'मध्ये, डॉ. प्रकाश वाडगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तेलातून पॉलिमरशास्त्रातल्या एका जुन्या पेचावर तोडगा काढला.

पेच असा. १९६०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने 'कॅप्टॉन' ही पिवळसर फिल्म आणली. ती पॉलिइमाइड या पॉलिमरची. अपोलोच्या चांद्रवाहनाच्या उष्णतारोधक आवरणातही ती होती. तिच्या रेणूसाखळीत ताठ, सपाट वलयं ओळीने जोडलेली असतात. वखारीतल्या फळ्यांसारख्या या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, म्हणून पॉलिमर उष्णतेला दाद देत नाही. पण त्याच कारणाने तो वितळतही नाही आणि नेहमीच्या द्रावकांत विरघळतही नाही. मग साच्यात घालायचा कसा? त्यासाठी आधी विरघळणारं पॉलिअ‍ॅमिक आम्ल पसरायचं आणि नंतर तापवून त्याचं पॉलिइमाइड करायचं. या क्रियेत पाणी सुटतं. पातळ फिल्ममधून ते निघून जातं. जाड वस्तूत मात्र पोकळ्या राहू शकतात.

टरफलाच्या तेलातून मिळणाऱ्या कार्डानॉलमध्ये एक वलय असतं आणि त्याला १५ कार्बनची लवचीक शेपटी असते. वाडगावकरांच्या गटाने या शेपटीतले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढले आणि त्या रेणूपासून पॉलिमरचे घटक घडवले. वलय साखळीच्या कण्यात बसतं, शेपटी बाजूला लोंबते. साखळ्यांमध्ये अंतर पडतं, द्रावक आत शिरतो. कण्याची वलयं मात्र शाबूत राहतात.

याची किंमतही मोजावी लागते. असे पॉलिमर कॅप्टॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मऊ होतात, त्यामुळे फार तापणाऱ्या भागांत ते कॅप्टॉनची जागा घेऊ शकत नाहीत. पण त्यांचं विघटन मात्र ४०० अंश सेल्सिअसच्या पुढेच सुरू होतं. मऊ होणं आणि जळणं यांच्यामधलं हे रुंद अंतर फार मोलाचं, कारण वस्तूला आकार देण्याचं सगळं काम तेवढ्यातच उरकावं लागतं.

उष्णता सोसणारा पदार्थ शोधताना सर्वाधिक तापमानाचा आकडा आपल्याला भुरळ घालतो. पण साच्यात न उतरणारा पदार्थ कितीही टिकाऊ असला, तरी त्याची वस्तू होत नाही. शिवाय हा कच्चा माल खनिज तेलाच्या विहिरीतून नव्हे, काजूगर काढून उरलेल्या टरफलातून येतो. कोकण-गोव्याच्या काजूपट्ट्याने या संशोधनाकडे आपलं म्हणून पाहावं, ते यासाठीच.