शेवटचा शब्द कोणाचा?

'नाशिक धर्मप्रांत' दोन आहेत, हे अनेक नाशिककरांनाही ठाऊक नसते. कॅथलिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. दुसरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा (सीएनआय). त्याचे मूळ १९२९च्या अँग्लिकन धर्मप्रांतात.

बायबल दोघांनाही प्रमाण. मात्र कॅथलिकांसाठी त्याच्या जोडीला चर्चची परंपरा येते, आणि अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार पोप व त्यांच्याशी एकरूप बिशपांचा असतो. सीएनआयमध्ये बिशप आहेत, पण एकटे नाहीत. सिनॉड या सर्वोच्च सभेपासून स्थानिक पाळकीय समितीपर्यंत पाळकांबरोबर सामान्य सभासदही निर्णयाला बसतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र येऊन सीएनआय झालेल्या सहा चर्चमध्ये बिशप मानणारे होते तसे न मानणारेही. मग दुसरा मार्ग तरी कोणता होता?

या दोन्ही चौकटींत न मावणारा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तरुणपणी ते नाशिकात शिकले. पत्नी लक्ष्मीबाई जवळच्याच जलालपूरच्या. १८९५मध्ये बाप्तिस्मा, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळकपद. तरीही १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तिथे गुरू ख्रिस्त, मध्ये मिशनरी नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही प्रवेश. तुकोबांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असेही ते उघड सांगत. मिशनच्या शिस्तीला हे जड गेले असणार. १९१९मध्ये टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची भजने मात्र मराठी उपासनेत आजही गायली जातात.