काचबिंदू : विकाराची वाटचाल आणि औषधोपचार

खुलताबाद व परिसरातील गावांतून नेत्रतपासणीसाठी येणाऱ्या वृद्ध रुग्णांचा एक प्रश्न आमच्या परिचयाचा आहे : “बिंदू पिकला का?” मोतीबिंदू वाढला तरी शस्त्रक्रियेने कृत्रिम भिंग बसविता येते व बहुधा दृष्टी परत लाभते. काचबिंदूच्या बाबतीत मात्र अशी वाट पाहणे घातक ठरते. नावांत साम्य असले, तरी मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा विकार आहे, तर काचबिंदू हा डोळ्याकडून मेंदूकडे दृष्टीचा संदेश नेणाऱ्या नसेचा विकार आहे. या नसेतील मृत झालेले तंतू पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली दृष्टी तेवढी राखता येते.

डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो. हा द्रव म्हणजे अश्रू नव्हेत. तो डोळ्याच्या आतच फिरतो आणि पारदर्शक पटल व रंगीत पडदा यांच्या कोनातील सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. शेततळ्यात पाणी येत राहावे आणि सांडवा बुजावा, तशी स्थिती ही जाळी निकामी झाल्यावर होते. डोळ्यातील दाब वाढतो व मागील नसेच्या सुमारे १० ते १२ लाख तंतूंवर ताण पडतो. प्रथम कडेची दृष्टी जाते. समोरचे स्पष्ट दिसत असल्याने आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढत असल्याने रुग्णाला पुष्कळ काळ काहीच जाणवत नाही. बाजूने येणारे वाहन न दिसणे, पायरीला ठेच लागणे अशा खुणा लक्षात येतात, तोवर बरेच नुकसान झालेले असते.

दुसऱ्या प्रकारात हा कोनच अरुंद असतो व एकाएकी बंद होतो. डोळा लाल होऊन असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. हे पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचावे.

डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका मानला जातो. तथापि केवळ हा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. नागपूरजवळील ग्रामीण भागात २००६ ते २००८ या काळात झालेल्या मोठ्या नेत्रसर्वेक्षणात सरासरी दाब १४ मिलिमीटरपेक्षाही कमी आढळला. पारदर्शक पटल पातळ असल्यास यंत्र प्रत्यक्षाहून कमी दाब दाखविते, आणि दाब मर्यादेत असूनही काही जणांच्या नसेला इजा होते. यास्तव दाबाबरोबरच नसेची, कोनाची व दृष्टिक्षेत्राची तपासणी आवश्यक असते.

औषधे दोन मार्गांनी दाब कमी करतात : द्रवाची निर्मिती घटवून किंवा त्याचा निचरा वाढवून. पायलोकार्पिनचे थेंब १८७० च्या दशकापासून वापरात आहेत. ते बाहुली लहान करून निचऱ्याला वाट देतात. १९५० च्या दशकात आलेल्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या द्रवनिर्मिती कमी करतात. हातापायांना मुंग्या येणे हा त्यांचा नेहमीचा त्रास आहे. १९७० च्या दशकाअखेरीस आलेले टिमोलॉल आजही प्रभावी व स्वस्त आहे. मात्र दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असण्याचा विकार असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण थेंबातील औषध रक्तातही उतरते. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लॅटानोप्रॉस्ट दिवसातून एकदाच, बहुधा रात्री घालावयाचे असते. त्याने डोळा किंचित लाल होणे व पापण्यांचे केस वाढणे संभवते. याशिवाय डॉर्झोलामाइड व ब्रिमोनिडिन यांचे थेंबही आहेत. थेंबांनी भागत नसल्यास लेसर किंवा शस्त्रक्रिया करतात. कोन अरुंद असल्यास लेसरने रंगीत पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडतात, तर काही रुग्णांत लेसरनेच उपचाराचा आरंभ केला जातो.

हा दाब उतरविण्याचे मोल किती? स्वीडनमधील एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ व २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, प्रत्येक १ मिलिमीटर दाब कमी झाल्यास विकार बळावण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

असे असूनही उपचार अर्धवट सुटतात, कारण थेंब घालून दिसण्यात सुधारणा होत नाही. ‘फरक पडला नाही’ म्हणून बाटली आणणे बंद होते. वस्तुतः दृष्टी आहे तेवढीच टिकणे हेच औषधाचे यश होय. रमजानच्या रोज्यांत किंवा उपवासाच्या दिवसांत काही रुग्ण थेंब थांबवितात. डोळ्यातील थेंबाने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. तरीही मनात शंका असल्यास डॉक्टरांशी बोलून वेळा इफ्तारनंतर व सहरीपूर्वी बसविता येतात. औषध परस्पर बंद करू नये.

एका वेळी एकच थेंब पुरतो. त्यानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ ते ३ मिनिटे हलका दाबून धरावा; दोन औषधांत ५ मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली सामान्यतः थंड जागी ठेवावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरी फ्रिज नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. फ्रिजची गरज नसलेली औषधेही उपलब्ध आहेत. लाल डोळ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरल्यास त्यांनीच काचबिंदू होऊ शकतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी ती नियमितपणे करावी, कारण त्यांना धोका अधिक असतो. आमच्या रुग्णांना आमची आग्रहाची विनंती आहे की, पुढील तपासणीस येताना आपल्या भावंडांना व मोठ्या मुलांना सोबत आणावे आणि हातातील बाटली संपण्यापूर्वीच दुसरी घ्यावी.