हळूहळू उतरणारी हवा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-धुळे मार्ग सुरत जिल्ह्यातील कडोदरा येथे एकमेकांस मिळतात. पोटापाण्यासाठी सुरतेस स्थायिक झालेली कितीतरी खानदेशी कुटुंबे सुटीत येथूनच बारडोली, व्यारा, नवापूर व कोंडाईबारी घाट या वाटेने धुळ्याकडे जातात. अशा प्रवासाच्या सकाळी मोटारीचे तेच एक चाक पुन्हा बसलेले दिसते. टायरात खिळा नाही, छिद्र नाही. मग हवा जाते कोठे?

पूर्वी हवा रबरी ट्यूबमध्ये कोंडलेली असे. ट्यूबलेस टायरमध्ये ती टायरची कड आणि धातूची रिम यांच्या घट्ट सांध्यावर अडविलेली असते. कालांतराने लोखंडी रिमला गंज चढतो. अॅल्युमिनियमच्या रिमवर पांढरी भुकटी धरते. हा थर टायरच्या कडेला किंचित उचलून धरतो आणि त्या फटीतून हवा अहोरात्र झिरपते.

थंडीनेही दाब घटतो. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरले की सुमारे १ पौंड दाब कमी होतो. परंतु तो चारही चाकांत सारखाच. एकच चाक मागे पडू लागले, तर दोष त्या चाकातच समजावा.

तो शोधण्यासाठी चाक काढून पुरती हवा भरावी आणि टायरचा माथा, वॉल्व्ह व रिमच्या दोन्ही कडा यांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे वॉल्व्हपाशी आले, तर वॉल्व्ह बदलावा. ते कडेशी आले, तर पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घ्यावा. टायर बसण्याची जागा तारेच्या ब्रशाने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावी, मात्र ओरखडे पाडू नयेत. टायरची कड पुसून, ती फाटलेली नाही हे पाहून, सीलंटचा पातळ हात द्यावा. टायर चढविल्यावर पुन्हा साबणाची परीक्षा घ्यावी व चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. रिमला तडा गेला असल्यास ती बदलणेच इष्ट.

नुसती हवा भरून निघणे धोक्याचे आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या बाजू तापतात, आणि उन्हाळ्यात भरधाव, भरलेल्या गाडीखाली तो फुटण्याचा संभव वाढतो. म्हणून ही दुरुस्ती निघण्याच्या काही दिवस आधी उरकावी आणि निघण्यापूर्वी, चाके थंड असतानाच, दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या अंकाप्रमाणे दाब मोजून घ्यावा.