काळी, बरड आणि माळ : बीड जिल्ह्यातील जमिनींची नावे व मातीचे गुण

काही काळापूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने अनुवादाचा अभ्यास म्हणून उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशाच्या मातीवरील एक उतारा मराठीत आणला. मूळ उताऱ्यातील मातीचा रंग गडद होता, म्हणून अनुवादकाने तिला ‘काळी जमीन’ म्हटले. विद्यार्थी गेवराईकडचा. काळी म्हणजे काय हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक होते आणि नेमके त्यामुळेच तो फसला. उताऱ्यातील माती पावसानंतर लगेच नांगरता येते असे पुढे वाचल्यावर त्याला मूळ लेखकच चुकला असे वाटले. चूक लेखकाची नव्हती, शब्दाच्या निवडीची होती. या निमित्ताने जमिनींची नावे मातीविषयी काय सांगतात व काय झाकतात, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम परदेशी मातीकडे पाहू. अमेरिकेतील आयोवा व मिनेसोटा या राज्यांवर गेल्या हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर पसरले होते. साधारण चौदा ते बारा हजार वर्षांपूर्वी ते मागे सरले. जाताना त्यांनी वाळू, बारीक गाळ, चिकणमाती आणि लहानमोठे गोटे यांचे न निवडलेले मिश्रण मागे टाकले. वाहते पाणी जड कण आधी व हलके मागाहून टाकते. बर्फ असा भेद करीत नाही. पुढे या मिश्रणावर उंच गवत वाढले. गवताची मुळे वर्षानुवर्षे जमिनीतच मरून कुजत राहिली, आणि थंड हवेमुळे ते कुजणेही सावकाश झाले. त्यामुळे वरचा हातभर थर गडद, मऊ व रवाळ बनला. वाळू, गाळ व चिकण यांपैकी कोणाचेच वर्चस्व नसलेल्या अशा मातीला आपल्याकडे पोयटा म्हणतात. तिच्यातील सेंद्रिय द्रव्य शेकडा चार-पाचपर्यंत असू शकते. रशियातील अशाच गवताळ पट्ट्यातील मातीवर दोकुचायेव याने 1883 साली ग्रंथ लिहिला व ‘चेर्नोझेम’ हा शब्द जगभर गेला. त्याचाही अर्थ ‘काळी भूमी’ असाच आहे. म्हणजे नाव तेच, रंग जवळपास तोच, आणि वस्तू मात्र वेगळी!

बीडची काळी ही बर्फाची देणगी नव्हे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनला. तो उष्ण, अर्धकोरड्या हवेत झिजला आणि त्यापासून माँटमोरिलोनाइट जातीची अतिसूक्ष्म चिकणमाती तयार झाली. खोल काळीत या चिकणकणांचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. सेंद्रिय कर्ब मात्र शेकडा एकाहून कमी, पुष्कळदा त्याच्याही निम्मा. मग ती काळी का दिसते? थोडेसेच सेंद्रिय द्रव्य चिकणकणांशी इतके घट्ट बांधले जाते की, त्याचा रंग त्याच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक दिसतो. प्रेअरीतील काळेपणा हा कसाचा पुरावा आहे. बीडमधील काळेपणा हा मुख्यतः चिकणाचा पुरावा आहे. काळी म्हणजे खताची गरज नसलेली जमीन, ही समजूत शालेय पुस्तकांतून अजूनही डोकावते. तिचे मूळ या एका विशेषणात आहे.

या चिकणमातीचा दुसरा गुण म्हणजे तिचे फुगणे व आकसणे. कण पाणी पितात व फुगतात. उन्हाळ्यात ते आकसतात आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालचा थर फुगून वर रेटला जातो, आणि अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःला घुसळीत राहते. 1960 साली अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी जे नवे वर्गीकरण पुढे मांडले, त्यात अशा मातीला ‘व्हर्टिसॉल’ हे नाव दिले. त्यातील लॅटिन धातूचा अर्थ ‘उलटणे, फिरणे’ असा आहे. त्यापूर्वीचे शास्त्रीय नाव ‘रेगूर’ हे तेलुगूतील ‘रेगड’वरून आलेले. शास्त्राने एकदा शेजारच्या भाषेकडून शब्द घेतला आणि नंतर तो लॅटिनमध्ये बदलून टाकला. मराठी ‘काळी’ मात्र दोन्ही वेळा दाराबाहेरच राहिली. याबद्दल फारसा खेद करण्याचे कारण नाही, कारण रंगवाचक नाव शास्त्राला अपुरेच पडले असते.

परंतु मराठी शेतकरी केवळ रंगावर थांबत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरून गोदावरीकडे उतरत गेल्यास एकाच पाषाणापासून झालेल्या जमिनी पायऱ्यापायऱ्यांनी बदलत जातात. माथ्यावर व उतारावर मुरूम उघडा पडलेला असतो. तेथील वीतभर मातीला बरड किंवा मुरमाड म्हणतात, आणि जेथे नांगर चालत नाही, कुसळी व मारवेल यांसारखी गवते तेवढी तगतात, तो माळ. पायथ्याशी मध्यम जमीन. सिंदफणा व गोदावरी यांच्या खोऱ्यांत खोल काळी. पाणी साचून राहणारी ती चिबड. क्षारांनी बिघडलेली खारवट. आणि जिच्यात सोडियमचे प्रमाण वाढून पृष्ठभाग ठोकल्यासारखा घट्ट होतो ती चोपण. या शेवटच्या शब्दाचा ‘चोपणे’ या क्रियापदाशी संबंध असावा असे मला वाटते. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावकडे आल्यानंतर चिबड आणि खारवट हे शब्द कालव्याखालच्या भागात अधिक ऐकू येऊ लागले, यात नवल नाही. निचरा मंद असलेल्या मातीला बारमाही पाणी दिले की तसे घडतेच.

या यादीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही नावे एकाच कसोटीवर बेतलेली नाहीत. ‘काळी’ रंग सांगते, ‘मुरमाड’ घटक, ‘चिबड’ निचरा, ‘माळ’ वापर व स्थान. शास्त्रज्ञाला हा गोंधळ वाटेल; पण प्रत्येक नाव त्या जमिनीचा निर्णायक गुणच पुढे करते. 1847 च्या मुंबई इलाख्यातील जमाबंदीच्या नियमांत जमिनीचे नऊ वर्ग केले होते आणि त्यांचा मुख्य आधार खोली हा होता. पावणेदोन हात खोलीच्या उत्तम जमिनीला सोळा आणे, तेथून उतरत उतरत अगदी हलकीला दोन आणे. चुनखडीचे खडे, उतार, पाणी साचणे इत्यादी दोषांसाठी वर्ग खाली येई. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते, परंतु आणेवारीची भाषा तेथेही पोचली. सोळा आणे आणि दोन आणे हे अंतर केवळ सरकारी नव्हते.

ते अंतर पाण्याचे होते व आहे. एक मीटर खोल काळी पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे 150 ते 200 मिलिमीटर पाणी साठवून ठेवू शकते. म्हणूनच पाऊस संपत आल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी पुढे पावसाच्या थेंबावाचूनही कणसात येते. वीतभर बरडात याचा पाचवा हिस्साही मावत नाही. पंधरा दिवसांची उघडीप पडली की पीक माना टाकते. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या डोंगराकडच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाड्या भरून जातात. त्यामागे अनेक कारणे आहेत, आणि मातीची खोली हे त्यांतील सर्वांत जुने कारण आहे. एखाद्याची जमीन बरड आहे, या विधानात त्या घराची मुले वर्षातील सहा महिने कोठे असतील हेही पुष्कळदा सांगितलेले असते.

‘वाफसा’ या शब्दाबद्दल थोडे सांगणे अवश्य आहे. पावसानंतर माती ना चिखल ना ढेकूळ, अशा ओलीवर येते; मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा दोन्ही असतात. त्या स्थितीला वाफसा म्हणतात. ‘वाफ’शी त्याचे नाते उघड दिसते आणि ‘वाफ’ संस्कृत ‘बाष्प’पासून आलेला आहे. प्रेअरीच्या पोयट्यात वाफसा लवकर येतो आणि बराच काळ टिकतो. काळीत तो उशिरा येतो आणि चटकन जातो. त्या दोन-चार दिवसांत औत लागले नाही तर पेरा चुकतो. आमच्या विद्यार्थ्याला जो उतारा अशक्य वाटला, त्याचे उत्तर येथे होते. ‘गडद रंगाची पोयट्याची जमीन’ एवढे जरी त्याने लिहिले असते तरी अडचण उद्भवली नसती.

‘काळी’चा आणखी एक अर्थ मृदाशास्त्राच्या बाहेरचा आहे. गावची लागवडीची जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. शतकानुशतकांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांनी वस्तीची जागा खरोखरच फिकट होते. मराठवाड्यातील माळवदावर हीच पांढरी माती पसरतात. या अर्थाने बरड शेतदेखील ‘काळी’तच मोडते, आणि परक्या संशोधकाने गावात जाऊन केवळ ‘तुमची काळी किती?’ असे विचारल्यास मिळणारे उत्तर कोणत्या अर्थाने घ्यावे, हा प्रश्न राहतोच.

महाराष्ट्रात बर्फाने आणलेला गाळ नाहीच असे मात्र कोणी समजू नये. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाचा ओरखडे पडलेला गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावरील तालचेर गोटेथर हे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांचे अवशेष आहेत. पण त्यांचा आता दगड झाला आहे.

अलीकडे, विशेषतः 2017 मध्ये शासनाची गाळ काढण्याची योजना सुरू झाल्यापासून, तलावांतील गाळ बरडावर पसरण्याचे काम बीडमध्ये ठिकठिकाणी झाले. हा गाळ म्हणजे त्याच उतारांवरून वाहून गेलेली माती. तो वीतभर टाकला की ओल धरण्याची शक्ती वाढते, हे खरे. परंतु खाली मुरूमच असतो, आणि उताराला बांध नसेल तर तीच माती पुन्हा तलावाची वाट धरते. अशा शेताला लोक काय म्हणतात, याची मी दोन-तीन गावांत चौकशी केली. कोणीही त्याला काळी म्हटले नाही. ‘गाळ टाकलेलं बरड’ असेच सर्वत्र ऐकू आले.